मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, मग इंग्रजांच्या वसाहतवादाचा आपल्याशी संबंध किती?

गोदाकाठचा मास्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवतो. बारावीला वसाहतवादावर लागोपाठ काही धडे आहेत, व्याख्या पोरं पाठ करून लिहितात, मार्कही पडतात. पण यंदा एका पोरीनं उभं राहून विचारलं, सर, आपल्या इथं इंग्रज होतेच कुठं? आपण निजामाच्या राज्यात, १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्याकडं तिरंगा लावला तर पकडून नेत होते, आपण सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला, तेही पोलीस ॲक्शन, म्हणजे भारत सरकारची लष्करी कारवाई, झाल्यावर. मग इंग्रजांनी लुटलं, इंग्रजांनी कायदे केले, हे सगळं पुण्या-मुंबईकडचं झालं, आपलं काय? तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण म्हणला, निजामाचे पूर्वजबी बाहेरूनच आलते, मग निजामशाही ही पण वसाहतच म्हणायची का.

तास संपत आलता म्हणून तैनाती फौज, मांडलिक राज्य वगैरे सांगून पुढं गेलो, पण प्रश्न खरा आहे अन् तो दोन वाक्यांत आटपत नाही. पोरांच्या डोळ्यासमोर जे आहे त्यातून हे दाखवायचंय. रेल्वे, कापूस, तहसील, कोर्टकचेऱ्या, ऊसतोडीला जाणारी माणसं, यातलं वसाहतवादाचं काय, निजामाचं काय, अन् १९५६ नंतर आपल्याच सरकारांचं काय? सगळं खापर इंग्रजांवर फोडणं सोपं आहे, निजामावर फोडणं त्याहून सोपं, अन् त्यात एक धोका असाय की पोरं निजाम म्हणजे शेजारच्या गल्लीतला मुसलमान असं धरून बसतात. ते माझ्या वर्गात मला होऊ द्यायचं नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.


नळदुर्गचे काका

मास्तर, त्या पोरीला शाबासकी द्या, पण इंग्रज नव्हतेच हे काही खरं नाही. आमचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख १८५३ पासून १८६० पर्यंत थेट इंग्रजांच्या हातात होता. मेडोज टेलर नावाचा अंमलदार नळदुर्गला बसून कारभार बघायचा, जमिनीची मोजणी त्यानं सुरू केली, रस्ते केले. आता हा मुलूख त्यांच्याकडं गेला कसा तेवढी गोष्ट वर्गात सांगा, वसाहतवाद काय असतो ते व्याख्येशिवाय कळंल.

१७९८ ला निजामानं वेलस्लीशी तैनाती फौजेचा करार केला. फौज इंग्रजांची, हुकूम इंग्रजांचा, खर्च मात्र निजामाचा, अन् दुसऱ्या कोणत्या राज्याशी परस्पर बोलणी करायची नाहीत. दोनच वर्षांत त्या खर्चापोटी बेल्लारी, कडप्पा, अनंतपूरकडचा मुलूख तोडून द्यावा लागला. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, ही असई आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनपासून जवळच, तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या अन् इंग्रजांचा जोर आपल्या भागात चांगलाच वाढला. पुढं त्यांनी निजामाच्या खर्चानं अजून एक फौज उभी केली, हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, पगार दांडगे. तिच्या छावण्या कुठं होत्या बघा: औरंगाबाद, जालना, हिंगोली, अंबाजोगाई, तेव्हाचं मोमिनाबाद. म्हणजे इंग्रज आपल्या दारात बसलेले होते अन् त्यांच्या दाणापाण्याचे पैसे आपल्या शेतसाऱ्यातून जात होते.

एवढा खर्च निजामाच्या खजिन्याला झेपणारा नव्हता. मग कर्ज. हैदराबादेतच पामर कंपनी नावाची पेढी होती, तिनं जबर व्याजानं कर्ज दिलं, त्यात कंपनी सरकारातल्या मोठ्या लोकांचे हितसंबंध गुंतलेले, त्यावरून खुद्द इंग्रजांतच भांडणं झाली. फौजेच्या पगाराची थकबाकी वाढत वाढत चाळीस लाखांच्या वर गेली तेव्हा १८५३ ला डलहौसीनं वसुली म्हणून वऱ्हाड, रायचूर दोआब अन् आमचा धाराशिवचा भाग ताब्यात घेतला. १८५७ ला निजाम इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० ला धाराशिव अन् रायचूर परत मिळालं. वऱ्हाड मिळालं नाही, ती कापसाची जमीन होती. १९०२ ला कर्झननं वर्षाला २५ लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतलं, अन् पुढच्याच वर्षी ती कंटिंजंट फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळून टाकली. ज्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड घेतलं ती फौज संपली, वऱ्हाड त्यांच्याकडंच राहिलं. हे वाचून मला आजही चीड येते.

तर वसाहतवाद म्हणजे गोऱ्या माणसानं येऊन खुर्चीत बसणं एवढंच नव्हे. खुर्चीत कोणीबी असू दे, पैसा कुठं जाणार, फौज कोणाची, व्यापाराच्या अटी काय हे जर समुद्रापलीकडं ठरत असंल, अन् इथली शेती, वाहतूक, कायदा त्यांच्या नफ्याच्या सोयीनं बदलत असंल तर ती वसाहतच. ऑस्ट्रेलियात त्यांनी माणसं नेऊन वसवली, बंगालात थेट राज्य केलं, आपल्याकडं निजामाला पुढं करून केलं. फाळणीच्या वेळी हिंदुस्थानात अशी साडेपाचशेच्या वर संस्थानं होती.

अन् त्या मागच्या बाकावरच्याला सांगा, निजामाचं घराणं बाहेरून आलेलं होतं हे खरं, पण १७२४ पासून ते इथलंच झालं. त्यांनी वसूल केलेला पैसा हैदराबादेत खर्च व्हायचा. जुलूम होताच. राज्याचा जवळपास ४० टक्के मुलूख जहागिरी अन् सर्फेखासमधे, सर्फेखास म्हणजे निजामाची खासगी मिळकत, तिथं रयतेला विचारतो कोण. तो सरंजामी जुलूम झाला. पण दोन्हींचा एक सांधा आहे तो पोरांना नक्की दाखवा. पूर्वी राजा फारच मातला तर सरदार उठायचे, प्रजा मुलूख सोडून जायची, राजाला थोडी तरी भीती असायची. तैनाती फौजेनं ती भीतीच काढून टाकली. गादी राखायला इंग्रज बसलेत म्हणल्यावर रयतेला जुमानायचं कशाला? आपल्याला दोन्हीकडून भोगावं लागलं ते असं.

कर्जाची हीच युक्ती दुसरीकडंबी दिसते. हैतीच्या गुलामांनी लढून १८०४ ला स्वातंत्र्य मिळवलं तर फ्रान्सनं १८२५ ला लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, म्हणजे गुलामांनी मालकांचं नुकसान भरून द्यायचं. पुढं ती रक्कम कमी केली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले.

मुसलमानांबद्दल तुमची काळजी रास्त आहे. शोएबुल्ला खानांचं नाव वर्गात घ्या. हैदराबादेतला तरुण संपादक, संस्थान भारतात विलीन व्हावं असं उघड लिहायचा, ऑगस्ट १९४८ ला रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, त्यांचा खून केला. गरीब मुसलमान विणकर, कास्तकार हे जहागीरदाराखाली तितकेच भरडले.


काळी जमीन, सेलू

काकांनी राजकारण सांगितलं, मी कापूस अन् रेल्वेचं सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या कापसाचा धंदा अन् शेती दोन्ही.

निजामाची रेल्वे निजामानं बांधली असं आपल्याकडं मोठ्या अभिमानानं सांगतात. कंपनी होती लंडनला नोंदलेली, १८८३ ची, अन् निजाम सरकारनं तिला हमी दिली होती की तुमच्या भांडवलावर वीस वर्षं ५ टक्के व्याज देऊ, धंदा होवो न होवो. म्हणजे तोटा झाला तर भरायचा खजिन्यानं, खजिना भरायचा रयतेनं. ह्या सौद्याला हैदराबादेत तेव्हाच विरोध झाला, अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील, त्यांनी आवाज उठवला तर त्यांना राज्याबाहेर काढलं. आपली मनमाड-सिकंदराबाद लाईन, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून जाणारी, १८९९ ते १९०१ च्या दरम्यान सुरू झाली, ती मीटरगेज. मनमाडला मुंबईची गाडी ब्रॉडगेज. म्हणजे इथून भरलेली प्रत्येक गाठ मनमाडला उतरवायची अन् हमालांनी पुन्हा दुसऱ्या डब्यात चढवायची, हे थेट १९९० च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत चाललं. लातूरकडं बघा, बार्शी लाईट रेल्वे, तीपण लंडनची कंपनी, नॅरोगेज, कुर्डुवाडीहून लातूरला १९११ ला आली, ब्रॉडगेज व्हायला २००७-०८ उजाडलं. बीड शहराला तर रेल्वे बघायला २०२५ पर्यंत थांबावं लागलं. आता हे सगळं इंग्रजांनी केलं असं मी म्हणत नाही, ते गेल्याला किती वर्षं झाली, पण रूळ टाकताना जो नकाशा डोक्यात होता तो कापूस बंदराला नेण्याचा होता, बीडच्या माणसाला लातूरला जायचंय का परभणीला हा विचार त्यात नव्हताच, अन् एकदा रूळ पडले की बाजारपेठा, गोदामं, कारखाने सगळे त्याच कडंनं वाढतात, जो राहिला तो राहिला.

कापसाचं असं की १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला, अन् इकडं भाव असा चढला की ज्वारीच्या रानात लोकांनी कापूस केला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, सावकाराचं देणं राहिलं. इंग्रजी मुलखात पुणे-नगरकडं १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्यामागं हेच होतं. आपल्या भागात गावराणी कापूस पिकायचा, देशी जात, कमी पाण्यावर येणारी. परभणीला महबूबबागेत १९१८ पासून कापसाचं संशोधन चालायचं. अन् नांदेड कधीकाळी बारीक मलमलीसाठी, पागोट्यांसाठी नावाजलेलं होतं. गिरणीचं कापड आल्यावर ते विणकर कुठं गेले ते शोधायला पायजे. माल कच्चा जाणार अन् पक्का होऊन परत येणार ही जी घडी तेव्हा बसली ती काही पुरती मोडली नाही. आजबी परभणी-जालन्याच्या जिनिंगमधे सरकी वेगळी होते, गाठी बांधतात, गाठी ट्रकनं बाहेर जातात. सूत, कापड, कपडे, ज्याच्यात पैसा आहे ते सगळं दुसरीकडं. नांदेडची उस्मानशाही मिल होती ती पण बंद पडली, अन् ती पडली ती आपल्याच राज्यात, हेही पोरांना सांगा.

अन् एक गोष्ट जी दर साल आमच्या मानंवर बसती, आणेवारी. आता पैसेवारी म्हणतात पण गावात अजून आणेवारीच. शेतसारा कधी तहकूब करायचा, कधी माफ करायचा हे ठरवायला गोऱ्या साहेबाच्या महसूल खात्यात पिकाचा अंदाज आण्यात धरायचे, त्याच्यातून ही आलेली. आज शेतसाऱ्याला कोण विचारतो, रक्कम किरकोळ, पण दुष्काळ आहे का नाही हे ५० पैशाच्या वर का खाली यावर ठरतं. आधी नजर आणेवारी, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम. पीक कापणी प्रयोगाला मी उभा राहिलेलो आहे. रानात एक तुकडा निवडतात, चार कोपऱ्याला खुंट्या ठोकून दोरी ताणतात, आतलं सोयाबीन कापून तिथंच झोडतात, अन् वजन करून कागदावर आकडा लिहितात. आता तो तुकडा जर नाल्याच्या कडंला, ओलीच्या जागी पडला तर अख्ख्या मंडळाचं पीक चांगलं. वरच्या मुरमाड रानात शेंगात दाणाच भरला नाही ते कोणाच्या कागदावर नाही. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहाचे फोटो असे नवे निकष आले, तरी गावातल्या माणसाचे डोळे अजून त्या पन्नास पैशावरच लागलेले असतात. सरकारनं कमीत कमी द्यावं अन् शेतकऱ्यानं आधी सिद्ध करावं की तो खरंच बुडाला, हा जो संशय आहे ना, तो १८७७ च्या दुष्काळातला आहे. तेव्हा रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक रतल धान्य अन् एक आणा ठरवला होता, म्हणजे अर्धा किलोपेक्षाबी कमी. उपाशी माणूस आळशी होईल ही त्यांना भीती.


तांड्यावरची वकील

मास्तर, तुमच्या वर्गात तांड्यावरची पोरं असतीलच, म्हणून मी लिहायलेय. मी बंजारा समाजातली, हिंगोलीकडची, वकिली करते.

रेल्वे अन् पक्क्या सडका यायच्या आधी दख्खनमधे मीठ, धान्य, मसाले एकीकडून दुसरीकडं नेणारे आम्ही. हजारो बैलांचे तांडे. मुघलांच्या फौजेला, मराठ्यांच्या, निजामाच्या, अन् इंग्रजांच्यासुद्धा फौजेला रसद आम्हीच पुरवायचो. रेल्वे आली अन् काही दशकांत हा सगळा धंदा बुडाला. माल वाहायचं बंद झालं तेव्हा माणसं जंगलात, गायरानात, दुसऱ्याच्या शेतात राबायला लागली. १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याचा गाभा असा की अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, मग त्यानं काही करो न करो. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. १९११ ला तो अजून कडक करून सगळ्या ब्रिटिश मुलखाला लावता येईल असा केला. सोलापूरला ह्या जमातींना डांबायची काटेरी तारेतली वस्ती होती, तिथल्या त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. निजामानं हीच पद्धत उचलली, त्याच्या राज्यात लमाणांवर, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांवर, तोच शिक्का बसला. त्या पोरीला सांगा, इंग्रज नव्हते तरी त्यांचा कायदा उर्दूत होऊन आपल्या तांड्यापर्यंत आला होता.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का काढला, आमचे लोक तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी. अन् लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे राज्याराज्यात आले, पोलिसांची सवय तीच राहिली. पारध्यांचं तर विचारू नका. माझ्याकडं आलेली एक केस सांगते, गावाचं नाव सांगत नाही. मोटारीची केबल चोरीला गेली. सकाळी उजाडायच्या आत पालावरून, म्हणजे त्यांच्या झोपड्यांच्या वस्तीवरून, चार पोरं उचलली, त्यातला एक आदल्या दिवसापासून सासुरवाडीला होता, परत येतानाच धरला. पुरावा काय तर पारधी आहे. जामिनाच्या वेळी युक्तिवादात त्यांच्या समाजाचंच नाव घेतलं गेलं, जणू ते कलमच आहे. पोरं सुटली, पण तोपर्यंत पाल जळालं होतं, बायका लेकरं घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेल्या होत्या, अन् एका पोरीची शाळा कायमची तुटली. १८७१ चा कायदा पुस्तकात मेला म्हणून रानात मरतो असं नाही.

अजून एक. १९५६ ला हैदराबाद संस्थान तीन राज्यांत वाटलं गेलं. एकच समाज, एकाच निजामाची प्रजा, पण तेलंगणात गेलेला लंबाडा आज अनुसूचित जमातीत, कर्नाटकात गेलेला अनुसूचित जातीत, अन् आम्ही महाराष्ट्रात आलो ते विमुक्त जातीत. किनवटच्या पुढं हद्द ओलांडली की मामाच्या पोराचं सर्टिफिकेट वेगळं. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं मराठ्यांना कुणबी दाखल्यासाठी निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटचा आधार घ्यायचा निर्णय काढला तेव्हापासून आमचे लोकही त्याच गॅझेटचा आधार मागायलेत. कोणाची मागणी बरोबर, कोणाची चूक हा वाद इथं नको, पण पोरांच्या एवढं लक्षात आणून द्या की माणसाला जातीच्या रकान्यात बसवून मोजायची जी रीत गोऱ्या सरकारच्या जनगणनेनं अन् गॅझेटियरनं पाडली, तिच्यावर आज आपल्या नोकऱ्या, आपली आंदोलनं, आपली भांडणं उभी आहेत. जाती आधीपासून होत्याच, पण आधी त्या गावागणिक थोड्या वेगळ्या होत्या, छापील यादी आल्यावर त्या घट्ट झाल्या.


नांदेडकर

सगळं वाचलं, बरंचसं पटलं, पण मला उलट बाजूही मांडायची आहे कारण मास्तरांनी वेगवेगळं करून सांगा असं म्हटलंय.

पाण्याचं घ्या. नगर-पुण्याकडं इंग्रजांनी दुष्काळानंतर कालवे केले, नीरा डावा कालवा १८८५ चा, भंडारदरा १९२६ चं. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर पुढं सहकारी कारखाने, प्रवरानगर १९५० ला. आपल्याकडं निजामानं काय केलं? निजामसागर, १९३१ ला, ज्या मांजरेवर बांधलं ती उगम पावते आपल्या बीडच्या पाटोद्यात, अन् धरण बांधलं तेलंगणात. म्हणजे थेट इंग्रजांचा मुलूख वसाहत असूनही त्याला कालवे मिळाले अन् आपल्याला ना इंग्रजांचे मिळाले ना निजामाचे. आज बीड, जालना, परभणीतून लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन त्याच कालव्यांच्या मुलखात उतरतात, ह्याची मुळं तिथंपर्यंत जातात. लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मधे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की इंग्रजांनी थेट राज्य केलेल्या भागात शाळा, दवाखाने, रस्ते यांची सोय संस्थानी भागांपेक्षा पुढं कमी राहिली. बडोदा, म्हैसूर, त्रावणकोर बघितलं की ते पटतं. पण आपण संस्थानी असून मागं राहिलो. म्हणजे इंग्रज थेट होते का नव्हते एवढ्यावर सगळं ठरत नाही, राजा कसा होता हेही बघावं लागतं.

शिक्षणात निजामाची जबाबदारी मोठी. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, देशी भाषेत उच्च शिक्षण द्यायचा तो पहिलाच मोठा प्रयत्न अन् त्याचं कौतुक व्हायला हवं, वैद्यकीची, इंजिनिअरिंगची पुस्तकं उर्दूत झाली. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या पोरांसाठी उर्दूही परकीच होती. आख्ख्या मराठवाड्यात कॉलेज म्हणावं असं औरंगाबादचं एक इंटरमिजिएट. १९३८ ला तिथल्या अन् हैदराबादच्या पोरांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला तर काढून टाकलं, गोविंदभाई श्रॉफ, स्वामी रामानंद तीर्थ ह्या माणसांची पुढची सगळी लढाई अशा वातावरणातली. बाबासाहेबांनी १९५० ला मिलिंद कॉलेज काढलं ते औरंगाबादला का काढलं हे पोरांना विचारा. विद्यापीठ मिळालं १९५८ ला. मुंबईचं विद्यापीठ १८५७ चं. हे एक शतकाचं अंतर आहे.

पण त्यापुढचं काय? १९५३ ला नागपूर करार झाला, मागास भागाला लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, नोकऱ्या देऊ असं लिहून दिलं. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष मोजून दाखवला. वैधानिक विकास मंडळ आलं १९९४ ला अन् त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. जायकवाडीची पायाभरणी १९६५, लोकार्पण १९७६, अन् वरून पाणी सोडायचं म्हणलं की आजबी दर दुष्काळात कोर्टात जावं लागतं. हे डलहौसी करत नाही. आपले आमदार, मंत्री, आपले कारखानदार करतात, त्यातले कित्येक तर आपल्याच जिल्ह्यातले. वसाहतवादाचे परिणाम शिकवताना हा भाग गाळला तर पोरांच्या हातात फक्त एक सबब राहील.


नळदुर्गचे काका

नांदेडकर, तुमचं बरोबर आहे, एकच भर घालतो. वसाहतीचा खरा वारसा सत्ता चालवायच्या सवयीत राहिलाय असं मला वाटतं. पिनल कोड १८६० चा, तो १ जुलै २०२४ पर्यंत चालला. भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, तो २०१३ पर्यंत. जायकवाडीत पैठण, शेवगावकडच्या ज्या गावांची जमीन गेली ती ह्याच १८९४ च्या कायद्यानं, सरकारनं सार्वजनिक काम म्हणलं की संपलं, मालकाला फक्त मोबदल्यावर भांडायचा हक्क. निवडून दिलेल्या सरकारनं असा कायदा इतकी वर्षं का ठेवला? कारण वापरायला सोयीचा होता. त्यामुळं इंग्रजांचं किती अन् आपलं किती अशी सरळ वाटणी होत नाही. ते करून गेले, आपण चालू ठेवलं, दोन्हींचा जाब मागायचा.

अन् आपल्या लोकांना हे फार आधी उमगलं होतं हेही सांगा. दादाभाई नौरोजींच्या कितीतरी आधी, १८४१ ला, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून इथला पैसा विलायतेत कसा जातो ते मांडलं होतं. विशीतलं पोरगं होतं ते. बारावीच्या पोरांना हे आवडंल.


गोदाकाठचा मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमची केस वाचून बराच वेळ काही सुचलं नाही, माझ्या वर्गात पालावरून येणारा एक पोरगा आहे, त्याच्यासमोर हा विषय कसा काढायचा याचा नीट विचार करून मगच काढीन.

ठरवलंय असं की पोरांचे गट करायचे. एकानं स्टेशनवर जाऊन जुन्या मालधक्क्याची माहिती काढायची अन् जिनिंगवाल्यांशी बोलायचं, एकानं गावची गेल्या काही वर्षांची आणेवारी मिळवायची, एकानं घरचे जुने जमिनीचे कागद आणायचे. तिसऱ्यात अडचण अशी की घरोघरी निघतात ते कागद उर्दूत, सन पण निराळाच. ते वाचायचे कसे, अन् तहसीलला नक्कल मिळती का?


तांड्यावरची वकील

मिळते. रेकॉर्ड रूमला गाव अन् सर्व्हे नंबर टाकून साधा अर्ज करायचा. आधी १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे तेव्हाची जमिनीची नोंद, मागा, मराठवाड्यात जमिनीच्या दाव्यात आम्ही सुरुवात त्याच्यापासूनच करतो, अन् मग मागं जा. सन आहे तो फसली, त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, १३५८ फसली म्हणजे १९४८. अव्वल तालुकदार असं लिहिलेलं दिसलं तर ते आजचे कलेक्टर. उर्दूसाठी गावातल्या जुन्या मौलवींना नाहीतर रिटायर झालेल्या उर्दू शाळेच्या गुरुजींना वर्गात बोलवा. २०२३ ला कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम चाललं तेव्हा सरकारलासुद्धा उर्दू अन् मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली होती. पोरं निजाम म्हणजे शेजारचा मुसलमान धरतात, ह्या तुमच्या काळजीचं कामही त्यात होऊन जाईल, कारण पोरांच्या पणजोबाचं नाव त्यांना ते गुरुजीच वाचून दाखवतील.

आणि मास्तर, पालावरच्या त्या पोराचं जातीचं सर्टिफिकेट झालंय का ते आधी बघा. नसंल तर मला मेसेज करा, अनुसूचित जमात असंल तर १९५० च्या अन् भटका-विमुक्त असंल तर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो अन् तो काढायला वेळ जातो, बारावीनंतरच्या ॲडमिशनच्या आत करून घेऊ.